मावशींच्या सामानातली छर्र्यांची डबी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, दादाला नाही. देवापुढे हात जोडतानाही हा विषय मी बाजूला ठेवत आले. सात वर्षं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि येत्या रविवारी हे मला एका माणसाला सांगायचं आहे, त्याआधी एकदा सगळं ओळीने लिहून बघावं असं वाटतं. सिंगापुरात, हौगांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आहे. लिफ्टचा आवाज आला की लिहायची थांबते. ती आमच्या मजल्यावर थांबली, तर पेन खाली ठेवते. सात वर्षांची सवय आहे ही.

कुमुदमावशी गेल्या महिन्यात गेल्या. पुण्यात, कोथरूडच्या दोन खोल्यांत, एकट्या. सकाळी दुधाची पिशवी दाराबाहेर तशीच राहिली, म्हणून शेजारच्यांनी दार उघडलं. त्या माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत. मंदारची आई. मंदार इथे पासिर रिसला राहतो, जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका गोदीत इंजिनिअर आहे. मावशी सुनेच्या बाळंतपणासाठी म्हणून आल्या होत्या — डिंक, खारीक, बाळंतशेपा, सगळं पिशव्यांत भरून — आणि इथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयात माझ्याशी बोलायला लागल्या. मी बुकित तिमाहच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. पुस्तकांवर बोलणाऱ्या बाईला मी लगेच जीव लावते. त्यांनाही लावला. हे आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना असं वाटायला नको की मी त्यांना परकी समजत होते. समजत नव्हते. म्हणून तर —

थांबा. सुरुवात त्यांच्यापासून नाही. सुरुवात छर्र्यांपासून.

माझा भाऊ, दादा, दापोलीजवळ नारळ-सुपारीची वाडी बघतो. त्याच्याकडे वडिलांच्या वेळची एअरगन आहे, नळी मोडून एकेक छर्रा भरायची. लहानपणी तो होल्यांसारखी पाखरं मारायचा आणि मी रडायचे. पुढे त्याने ते सोडलं. पण उंदीर सोडवेनात. माडाच्या शेंड्यात घरं करतात, कोवळे नारळ कुरतडतात, सकाळी खाली भोकं पडलेली फळं. विष घालून पाहिलं, तर घरचं मांजर मेलं. त्यानंतर दादा म्हणाला, मारायचं तर एका छर्र्यात, समोर, बघून. जनावर तडफडता कामा नये. यात तो फार हट्टी होता. गावातून आणलेले छर्रे एकसारखे नसायचे. काही हलके, काही चेपलेले. एक छर्रा जायचा डावीकडे, एक उजवीकडे, आणि अर्धमेला उंदीर शेंड्यातच कुठेतरी जाऊन सडायचा.

“तू वाचतेस ना सारखी,” तो फोनवर म्हणाला, “मग हेही वाच. कुठले घ्यायचे ते सांग.”

मी वाचलं. मला वाचायला सांगितलं की मी पूर्ण वाचते — हा माझा गुण समजला जातो. चपट्या तोंडाचे छर्रे कागदावरच्या नेमासाठी, जवळून ठीक, लांब गेले की भरकटतात. टोकदार आरपार जातात, पण वाऱ्यात वाट चुकतात आणि दगडाला लागून परत येतात. दादाच्या वाडीला चिऱ्याचा गडगा आहे, सगळीकडून दगडच. पोकळ तोंडाचे आत शिरून पसरतात, पण अगदी जवळूनच. फार जड घ्यावेत, तर जुन्या स्प्रिंगच्या बंदुकीला ते पेलत नाहीत, अर्ध्या वाटेत खाली येतात. राहिले गोल डोक्याचे, मध्यम वजनाचे. साधे, कुणाच्या डोळ्यांत न भरणारे, सरळ जाणारे. मी दादाला तेच सांगितलं. एकाच ठिकाणचे, एकाच डबीतले घे म्हणाले. तो म्हणाला, तशी डबी इथे मिळेल तर ना.

माझा नवरा जहाजावर चीफ इंजिनिअर. युरोपातल्या एका बंदरात मासेमारीच्या गळांशेजारी या डब्या मांडलेल्या असतात, त्याने एक घेतली आणि सुटीवर येताना बॅगेत टाकून घरी आणली. त्याला बिचाऱ्याला काहीच वाटलं नाही. पत्र्याची, पेढ्याएवढ्या उंचीची, तळहातात मावणारी चपटी डबी, हलवली की पावसासारखा आवाज करणारी. आठ दिवसांनी तो पुढच्या जहाजावर गेला. डबी राहिली.

आणि मी पुन्हा वाचलं. मला वाचता येतं, हाच माझा घात. सिंगापुरात एअरगन तर सोडाच, तिच्या छर्र्यांनाही पोलिसांची परवानगी लागते. नसेल तर काय होतं, तेही लिहिलेलं होतं. मी ते दोनदा वाचलं. मग डबी तांदळाच्या पिंपात तळाशी घातली.

तुम्ही कधी घरात असं काही ठेवलंय का? भात लावायला तांदूळ काढताना हात तळापर्यंत जाऊ द्यायचा नाही. खाली गणवेशातला माणूस दिसला, तो सायकलींवर चिठ्ठ्या लावणारा असला तरी, जिना बदलायचा. माझा इथे राहायचा परवाना शाळेच्या नोकरीवर, नवऱ्याचा पत्ता म्हणजे हे घर. एक डबी, आणि सगळं परत बांधायचं. फेकून का दिली नाही? हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारला असेल. कचऱ्याच्या नळीत टाकावी, तर खाली कुणाला सापडेल आणि कॅमेरे असतील असं वाटायचं. समुद्रात टाकावी, तर तिथपर्यंत पिशवीत न्यावी लागेल. आणि खरं सांगू? दादाला मी शब्द दिला होता. दादापुढे मला हुशार दिसायचं होतं.

आपल्या लोकांत एक रीत आहे, तुम्हाला माहीत असेल. कुणी गावाला निघालं की त्याच्या बॅगेत दहा घरांची पुडकी जातात. मेतकूट, औषधं, कुणाच्या नातवाचे बूट. घेणारा आत काय आहे ते विचारत नाही. विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं. मावशी परत निघाल्या तेव्हा त्यांनीच फोन केला. “वृंदा, तुझं काही न्यायचंय का गं? चार किलो जागा आहे.”

मी लगेच हो म्हटलं नाही. म्हटलं, बघते. आणि मी बघितलं — हे मला लिहायचंच आहे, बाकी काही राहिलं तरी. त्या महिन्यात मंडळातले आणखी दोघे जाणार होते. एक पोस्टडॉक करणारा मुलगा, दाढीवाला, एकटा. त्याची बॅग उघडतील. एक जहाजावरचा, तो स्वतः डबा उघडून बघेल. मावशी अडुसष्ट वर्षांच्या, नऊवारीतून पाचवारीवर आलेल्या, गुडघ्यांमुळे विमानतळावर चाकाची खुर्ची घेणाऱ्या. साध्या. कुणाच्या डोळ्यांत न भरणाऱ्या. सरळ जाणाऱ्या. मी त्यांना निवडलं. जसं वाचून, तोलून छर्रे निवडले, तसं त्यांनाही निवडलं.

आदल्या दुपारी मी फोटोच्या फ्रेममधली काच काढली, एक कड पुस्तकावर टेकवली आणि छर्रे एकेक करून तिच्यावरून सोडले. लहानपणी दादासाठी पाटीवर हे करायचे. छर्रा कमरेत बारीक असतो, खाली घागरा. चांगला असेल तर काचेवर एक कमान काढत घरंगळतो, घागरा चेपला असेल तर अडखळतो. अकरा अडखळले. ते वेगळे काढले आणि एका चिठ्ठीवर लिहिलं — दादा, यातले अकरा वाकडे काढले आहेत. बाकीचे सरळ जातील. चिठ्ठी घडी करून डबीत ठेवली. मग चॉकलेट पावडरचा मोठा हिरवा डबा आणला, जो इथून जाणारा प्रत्येक जण नेतो. आतला कागद ब्लेडने कापला, अर्धी पावडर काढली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली डबी आत ठेवली, वर पावडर घातली, झाकणाला चिकटपट्टी लावली. दादाच्या नातवासाठी आहे, म्हणून सांगितलं. दादा पुण्याला येऊन घेऊन जाईल. दादाचा पत्ता आणि माझा फोन नंबर एका कागदावर लिहून दिला.

मावशींनी डबा हातात घेऊन म्हटलं, “जड लागतोय गं.” मी म्हटलं, “इथली पावडर भरगच्च असते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊणच्या सुमारास शाळेत फोन आला. चांगी विमानतळावरून. मंदार त्यांना सोडून गोदीत गेला होता. तिथे कामावर फोन बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो, त्यामुळे तो उचलत नव्हता. सून ओली बाळंतीण, घरात. मावशींच्या पर्समध्ये नंबर निघाला तो माझा. एक बाई इंग्रजीत म्हणाल्या की तुमच्या आंटींशी बोलायला आम्हाला कुणीतरी हवंय, तुम्ही येऊ शकाल का. मागून मावशींचा आवाज आला, “वृंदा, तू ये गं बाई.”

मी टॅक्सी केली. मी काय ठरवत होते? काही ठरवत नव्हते, असं सात वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. मी वाक्यं तयार करत होते.

लहान खोली होती, फार थंड. मावशी शाल लपेटून खुर्चीत. टेबलावर हिरवा डबा, सांडलेली पावडर, उघडलेली डबी. समोर एक तरुण पोलीस बाई, अतिशय सभ्य. त्यांनी मावशींना पाणी दिलं होतं, इथल्या मोडक्या इंग्रजीत समजावत होत्या. “आंटी, डोन्ट स्केअर, ओके? वी जस्ट आस्क लाह.” मावशींचं हिंदी पुणेरी, त्या बाईंना तेही येत नव्हतं. त्या खोलीत दोन्हीकडचं कळणारी मी एकटी.

मला बघून मावशींचा चेहरा निवळला. “आलीस? बरं झालं. अगं, तू दिलेल्या डब्यातून हे निघालं म्हणतात. मला काही माहीत नाही हे काय आहे. तेवढं सांग बाई त्यांना.”

पोलीस बाईंनी माझ्याकडे बघितलं. “व्हॉट शी से?”

आणि मी इंग्रजीत म्हणाले, हे त्यांच्या गावच्या शेतासाठी आहे. उंदरांसाठी. इथे चालत नाही हे त्यांना माहीत नव्हतं.

झालं. इतकंच. आवाज जराही हलला नाही. शाळेत पालकांना नियम समजावते त्या आवाजात बोलले.

मावशींना इंग्रजी येत नव्हतं, पण ‘रॅट’ हा शब्द कुणाला कळत नाही? त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. चष्मा नसताना औषधाच्या बाटलीवरची अक्षरं वाचतात तसं, डोळे बारीक करून. पोलीस बाई वाट बघत होत्या, तेव्हा मी मराठीत विचारलं — हे मी केलं, हे माझ्या तोंडून बाहेर पडलं — “मावशी, तुमच्या शेतावर उंदीर आहेत ना?”

मावशींना शेत नव्हतं. कोथरूडला दोन खोल्या आणि गॅलरीत गवती चहा.

त्यांनी शालीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग म्हणाल्या, “हो. आहेत.” आणि पोलीस बाईंकडे वळून मान हलवली.

त्यांचा पासपोर्ट ठेवून घेतला. विमान गेलं. मी त्यांना टॅक्सीने पासिर रिसला नेलं. रस्ताभर त्या बाहेर बघत होत्या. उतरायच्या जरा आधी म्हणाल्या, “तुझ्या दादाकडे उंदीर फार झालेत का गं?”

“हो.”

“मांजर पाळायचं मग.”

“पाळलं होतं. विष खाऊन मेलं.”

“अगंबाई,” म्हणाल्या. त्यानंतर या विषयावर त्या माझ्याशी कधीही बोलल्या नाहीत.

आठवड्याभराने त्यांना पुन्हा बोलावलं. या वेळी तिथे मराठी जाणणारा दुभाषी होता, मला आत जायचं कारण नव्हतं. त्या दिवशी मी कामावरून आजारी म्हणून सुटी घेतली, कपड्यांची एक बॅग भरली आणि दाराकडे तोंड करून खुर्चीत बसले. दुपारपासून सहापर्यंत. लिफ्ट किती वेळा थांबली, ते अजून सांगू शकेन. सत्तावीस वेळा. कुणीही आलं नाही. मावशींनी तिथेही तेच सांगितलं होतं, जे मी त्यांच्या तोंडी घातलं होतं. का? मी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे कबूल करायचं.

पाच आठवड्यांनी लेखी ताकीद देऊन पासपोर्ट परत मिळाला. मधल्या काळात मंदारने त्यांना जे ऐकवलं, ते मी समोर बसून ऐकलं. माझ्या मांडीवर त्याची दीड महिन्याची मुलगी होती, ईरा. मी तिला बाटलीने दूध पाजत होते.

“आई, तुला वेड लागलं होतं का? माझा इथे कायम राहायचा, पीआरचा अर्ज पडलाय आणि तू बंदुकीचं सामान नेतेस? आणि शेत कुठाय आपलं?”

“माझ्या माहेरचं आहे.”

“माहेरचं! कुणी आणून दिलं तुला हे?”

“मागवलं होतं एकांकडून. मंड्या, चुकलं रे. पुरे आता.”

तो माझ्याकडे वळला. “ताई, तुम्हाला काही बोलली होती का ही?”

मी म्हटलं, “नाही रे.” आणि बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढायला उठले. मावशी ताटातले घास मोडत होत्या. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

त्या पुण्याला गेल्या, त्या परत आल्या नाहीत. मंदारने त्यांच्या व्हिसासाठी तीनदा अर्ज केला, तीनदा तो परत आला. कारण कुणी लिहून दिलं नाही. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मधली दोन वर्षं साथीत गेली. एरवी मंदार वर्षातून आठ दिवस पुण्याला जायचा. मावशींनी नात बघितली ती बहुतेक फोनच्या काचेत. शेवटच्या वर्षी त्यांना एकटं राहवत नव्हतं. मंदार माझ्याच टेबलाशी बसून म्हणाला होता, “एका डबीपायी बघा ना ताई. एवढी शहाणी बाई, आणि एका डबीपायी.” मी त्याला चहा गाळून दिला.

तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं भीती कसली, प्रकरण तर मिटलं होतं. चिठ्ठीची. त्या खोलीत टेबलावर डबी उघडी होती, छर्रे होते, चिठ्ठी नव्हती. मी नीट बघितलं होतं. मग ती कुठे होती? कुठल्या फाइलमध्ये? उद्या तिथे मराठी वाचणारं कुणी येईल, अक्षर जुळवतील. मी मंडळाच्या नोंदवहीत लिहिणं सोडलं. हळदीकुंकवाच्या याद्या, पोस्टाची पाकिटं, सगळं टाइप करायला लागले. लोक म्हणायचे, वृंदाताई आता अगदी मॉडर्न. सही आखूड केली.

आणि ईराच्या जवळ राहिले. तिला मराठी वाचायला मी शिकवते, दर रविवारी, तीन ते चार. आजीशी बोलता यावं म्हणून, असं मंदारला सांगितलं. लोकांना ते कौतुकाचं वाटतं. खरं कारण असं की मावशींनी कधी काही सांगितलं, तर ते प्रथम त्या घरात फुटणार होतं, आणि मला ते सर्वांत आधी कळायला हवं होतं. मी त्या मुलीच्या शेजारी पहारा देत बसले होते. नंतर तिच्यावर जीव जडला, ते खरं. पण आधी काय होतं, ते लिहायला हवं.

तिला कित्ते मात्र हातानेच काढून द्यावे लागतात. लहान मुलाला टाइप केलेला ‘ळ’ गिरवता येत नाही.

दिवस करून मंदार परत आला. त्याने घरी प्रार्थनेला लोक बोलावायचं ठरवलं आहे, येत्या शनिवारी, आणि मावशींवर चार शब्द मी बोलावेत, असं त्याला वाटतं. “तुमच्याइतकी तिला कुणी ओळखत नव्हतं,” म्हणाला. गेल्या रविवारी ईराला सोडायला आला तेव्हा एक खोकं घेऊन आला. मावशींची पुस्तकं. शेजारणीला त्यांनी सांगून ठेवलं होतं म्हणे, ही वृंदाला द्या.

आठ पुस्तकं होती. सगळ्यांत वर एक पाककृतींचं, मीच त्यांना दिलेलं. ईराने ते उघडलं. तिला आता जोडाक्षरं येतात, दिसेल ते वाचत सुटते. मी ओट्याशी दूध तापवत होते. मागून तिचा आवाज आला, बोट ठेवून वाचतात तसा, तुटक —

“दादा, यातले... अकरा... वाकडे काढले आहेत. बाकीचे... सरळ जातील.”

दूध उतू गेलं. गॅस बंद केला की नाही, मला आठवत नाही, केला असणार.

म्हणजे चिठ्ठी मावशींकडे होती. डबी उघडली तेव्हा खाली पडली असेल, त्यांनी उचलली असेल, पदरात घातली असेल. माझं अक्षर त्यांच्या पर्समधल्या पत्त्यावर होतंच. म्हणजे मी त्या खोलीत शिरले, तेव्हा त्यांना माहीत होतं की डबी मीच, जाणूनबुजून घातली आहे. “मला काही माहीत नाही हे काय आहे” — असं म्हणून त्यांनी मला वाट करून दिली होती. स्वतःचं नाव न घेताही मला त्यांना सोडवता येईल, एवढी वाट. की मी स्वतःहून बोलते का, ते बघत होत्या? मला कळत नाही. चार दिवस हेच चाललं आहे. मी फाइलला घाबरत होते, आणि कागद पाककृतींच्या पुस्तकात होता. सात वर्षं.

ईराने चिठ्ठी वर धरली. “वृंदा आंटी, दिस इज युअर हँडरायटिंग, राइट? द ‘ळ’ इज लाइक युअर्स.”

मी तिच्याकडे बघितलं. खोटं तयार होतं, अगदी हाताशी. मी आजीच्या भावाला एकदा निरोप लिहून दिला होता. वाकडे म्हणजे खिळे. सात वर्षांच्या मुलीला पुरलं असतं. तोंड उघडलं, तेव्हा तेच बाहेर येईल असं मला वाटलं होतं.

“हो,” मी म्हटलं. “माझंच आहे.”

“देन हाउ कम इन आजीज बुक?”

“ते मी बाबांना सांगेन. पुढच्या रविवारी.”

“ओके,” ती म्हणाली. “डोन्ट फर्गेट लाह.” आणि चिठ्ठी पुस्तकात, होती त्याच पानावर ठेवली. मुलं विसरत नाहीत. चारला मंदार तिला न्यायला आला तेव्हा दारातच तिने सांगितलं, आंटीला तुला नेक्स्ट संडे काहीतरी सांगायचंय. तो हसला. मला म्हणाला, “तक्रार आहे का हिची?”

आज गुरुवार. शनिवारी मी प्रार्थनेला जाणार आहे, पण बोलणार नाही. तसं मंदारला कळवलं. घसा बसलाय, असं कळवलं — तेही खोटंच. रविवारी चार वाजता तो येईल, तेव्हा हे कागद आणि ती चिठ्ठी त्याच्या हातात देणार आहे. हाताने लिहिलेत, माझ्या नेहमीच्या अक्षरात. पुढे तो काय करेल, पोलिसांत जाईल, ईराला पाठवणं बंद करेल, ते मला माहीत नाही. भीती गेलेली नाही. हे लिहिता लिहिता लिफ्ट चार वेळा थांबली आणि चारही वेळा मी पेन ठेवलं.

एकच गोष्ट दुरुस्त करायची राहिली. त्या दिवशी मला विचारलं होतं, या बाई काय म्हणतायत. त्याचं उत्तर मी चुकीचं दिलं. मावशी असं म्हणाल्या होत्या: “तू दिलेल्या डब्यातून हे निघालं म्हणतात. मला काही माहीत नाही हे काय आहे. तेवढं सांग बाई त्यांना.”